दर बुधवारी एक खुर्ची

नोटीस खरं तर दाराला लागायची होती. खळ लावून झाली होती, कागद दोन्ही हातांनी ताणून धरला होता आणि वाऱ्याकडे पाठ करून ती नेम धरून उभी होती. नेमकं तेव्हाच दार आतून उघडलं आणि कागद गेला तो थेट बाहेर येणाऱ्या माणसाच्या छातीवर. खळ तिने स्वतः केली होती, चांगली दाट. त्यामुळे कागद तिथेच बसला.

त्या माणसाच्या डोक्यावर एक खुर्ची उपडी होती आणि दोन्ही हात ती सावरण्यात गुंतले होते. त्याने डोळे खाली करून नोटीस वाचायला घेतली. अक्षरं उलटी दिसत असल्यामुळे वेळ लागत होता, आणि वरून भुरभुर पाऊस पडत होता.

"'येथील सर्व काही कायद्याने संरक्षित आहे,'" तो म्हणाला. "'परवानगीवाचून हात लावू नये.' ...बरं. नाही लावू देणार कुणाला."

"चुकून लागली आहे," ती म्हणाली. "काढते."

"थांबा. 'लावलेली नोटीस काढणे हा गुन्हा आहे.' खाली लिहिलंय. बारीक अक्षरात."

ती बारीक अक्षरं तिनेच टाइप केली होती. हसू आलं की तिला आधी राग यायचा, तसा आता आला, आणि राग काढायला जागा शोधताना तिचं लक्ष त्या खुर्चीकडे गेलं.

"ही कुठे नेताय?"

"दातांच्या डॉक्टरांकडे. त्यांची आहे."

"खाली ठेवा. होती तिथे. ती यादीत आहे, क्रमांक चार."

तो हसायचा थांबला. यादी म्हणजे काय, हे त्याला त्या क्षणापर्यंत माहीतच नव्हतं.

ती युद्धवारसा खात्यात निरीक्षक होती. युद्ध संपून किती वर्षं झाली होती, ते लढलेली माणसंही आता उरली नव्हती, पण त्या काळातले बंकर, भोंगे, खंदक, भिंतींवरचे बाण आणि हवाई हल्ल्यात माणसं ज्यात दाटीवाटीने बसायची ते निवारे अजून जागोजाग होते. ते शोधायचे, मोजायचे, आत काय आहे त्याची यादी करायची आणि सरकारी आदेश काढून वाचवायचे, हे तिचं काम. तीन वर्षं इतरांच्या याद्या टाइप केल्यावर पहिल्यांदाच तिला स्वतःचं एक प्रकरण मिळालं होतं. कामात ती भलतीच सरळ होती. खात्यात सांगायचे, की हिने सख्ख्या मामाच्या फाटकालाही नोटीस लावली आणि मामाने वर्षभर हिच्याशी अबोला धरला.

हे पहिलं प्रकरण म्हणजे एका जुन्या गल्लीतलं तळघर. वर खुर्च्या विणायचा कारखाना, शेजारी वेगळं दार, आणि त्या दारातून पंधरा पायऱ्या उतरलं की युद्धातला निवारा. पालिकेला गल्ली रुंद करून गाड्या उभ्या करायला जागा हवी होती आणि त्यासाठी तळघरात काँक्रीट भरायचं ठरलं होतं. खात्याकडे अर्ज केला तो कारखान्याच्या मालकाच्या आत्याने. निरीक्षक पाहणीला आली त्या दिवशीही आत्याच घरी होती. खाली नऊ खुर्च्या होत्या, एकीसारखी दुसरी नाही. युद्धकाळाच्या कागदांत स्पष्ट लिहिलेलं होतं, की रहिवाशांनी निवाऱ्यात घरटी एक खुर्ची आणून ठेवली होती. तिच्या अंगावर शहारा आला होता. सगळं जुनं आहे ना, एवढंच तिने विचारलं, आणि आत्या म्हणाली, जुनंच की गं सगळं.

जुनं होतंच. पण गिऱ्हाइकांचं होतं.

वेत कोरडा पडला की कडाकडा मोडतो, तळघराच्या गारव्यात मऊ राहतो, म्हणून विणायला आलेल्या खुर्च्या आत्याचा भाचा खालीच ठेवायचा. हे त्याने तिला दारात उभ्या उभ्या समजावलं, छातीवरची नोटीस तशीच ठेवून. ऐकता ऐकता तिचा चेहरा उतरत गेला. तात्पुरता आदेश कालच निघाला होता. दातांच्या डॉक्टरांची, नाटकातल्या राजाची, बुद्धिबळ मंडळाची, केस कापणाऱ्याची अशा सगळ्या खुर्च्या आता युद्धाच्या पवित्र आठवणी होत्या. हलवायच्या नाहीत, रंगवायच्या नाहीत, आणि विणायच्या तर मुळीच नाहीत.

"मग डॉक्टरांचे पेशंट बसणार कशावर?" त्याने विचारलं.

"मी काहीतरी करते," ती म्हणाली. तिचा आवाज इतका लहान झाला होता, की त्याने डोक्यावरची खुर्ची उतरवली आणि मुकाट्याने खाली नेऊन ठेवली.

---

काहीतरी करणं सोपं नव्हतं. तिच्या साहेबांनी, जे निवृत्तीला आले होते आणि दर वाक्याआधी चष्मा पुसायचे, कायद्याचं पुस्तक उघडून तिच्यासमोर सरकवलं. यादीतून आठवड्याला एकच वस्तू गाळता येत होती. त्याला नाव होतं किरकोळ दुरुस्ती. एकदम दोन गाळल्या, की यादी नवी धरायची, आदेश रद्द, आणि नवा निघेपर्यंत दोन महिने निवारा उघडा. पालिकेचा काँक्रीटचा ट्रक दोन महिने कशाला थांबेल, दोन दिवसही थांबला नसता. अंतिम सुनावणी नवव्या बुधवारनंतरच्या मंगळवारी होती. नऊ खुर्च्या, नऊ आठवडे. एकही बुधवार चुकून चालणार नव्हता, आणि एक जरी भलती खुर्ची यादीत राहिली, तर निरीक्षकाला जुनं आणि गिऱ्हाइकाचं यातला फरक कळत नाही म्हणून पालिकेचे वकील अख्खा आदेश उडवणार होते. त्याबरोबर तिची नोकरी उडाली नसती, पण यापुढे तिला कुणी टाइपरायटरपासून उठू दिलं नसतं.

म्हणून दर बुधवारी दुपारी तीन वाजता ती गल्लीत यायची. तो अर्ज द्यायचा, तीन प्रतींत. मग दोघं खाली उतरायचे, त्या आठवड्याची खुर्ची उलटीपालटी करून बघायचे, ती युद्धातली का नाही याचं कारण ती लिहायची, आणि मग त्याला ती वर न्यायची मुभा मिळायची.

पहिल्या बुधवारी डॉक्टरांची गेली. बैठकीखाली कारखान्याचा शिक्का होता आणि शिक्क्यात साल होतं, युद्धानंतरचं. ती गुडघ्यावर फळी ठेवून अहवाल लिहायला बसली. कोपऱ्यात एक साधी तपकिरी खुर्ची होती, तिच्यावर बसली. तो खालून तिसऱ्या पायरीवर बसून तिचं लिहिणं बघत राहिला.

अहवालाच्या शेवटी एक रकाना असायचा: 'मालकाशी नातं, व्यवहार वा जवळीक'. तिने लिहिलं, नाही.

"काय लिहिलंत?" त्याने विचारलं.

"खात्याचं असतं ते."

दुसऱ्या बुधवारी नाटकातल्या राजाचं सिंहासन गेलं. तो नट स्वतः न्यायला आला होता आणि दोन आठवडे स्टुलावर बसून राज्य करावं लागलं म्हणून तिच्यावर फार रागावला होता. खुर्चीवाल्याने त्याला समजावलं, की आपल्या सिंहासनाला सरकारने काही काळ राष्ट्रीय ठेवा मानलं होतं, असं किती राजांच्या बाबतीत होतं? नट छाती पुढे काढून गेला. ती गालातल्या गालात हसली, आणि या वेळी तिला राग यायचा राहून गेला.

आत्या चहा आणायची. पण निवाऱ्यात खाण्यापिण्याला मनाई, हे कलम तिनेच आत्याला वाचून दाखवलं होतं. आत्या म्हणाली, मग नोटीसबाई, तुमची हद्द सुरू कुठून होते ते सांगा. तिने नकाशा उघडून पाहिलं. हद्द दुसऱ्या पायरीपासून होती. वरची पहिली पायरी यादीच्या बाहेर होती. तेव्हापासून काम झालं, की दोघं त्या एका पायरीवर बसून चहा प्यायचे. पायरी जेमतेम दोन माणसांची होती. आत्या म्हणायची, जागा कमी पडत असेल तर सांगा, पण तसं कधी कुणी सांगितलं नाही.

तिसऱ्या बुधवारी त्याने विचारलं, "तुम्ही घरी कशावर बसता?"

"प्लॅस्टिकच्या खुर्चीवर."

त्याला खरोखर दुःख झालं. त्याने कप खाली ठेवला.

"वाटलंच मला," तो म्हणाला. "वेत माणसाचं सगळं सांगतो. डावीकडे झिजला, तर माणूस खिडकीकडे बघत बसतो. पुढून झिजला, तर माणूस भांडखोर आहे. तुम्ही खुर्चीत बसतच नाही. टेकता. कधीही उठायची तयारी ठेवून."

"मला कामं असतात."

"हो, पण... पाठीला ते कसं कळायचं?"

असं काही तिला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. घरी जाऊन ती प्लॅस्टिकच्या खुर्चीत मुद्दाम मागे रेलून बसली. दोन मिनिटांनी लक्ष गेलं, तर पुन्हा पुढे सरकलेली. तिला स्वतःचंच हसू आलं.

बुधवार आता इतर वारांसारखा राहिला नाही. मंगळवारी संध्याकाळी ती केस धुवायची आणि त्याला काही कारण आहे हे स्वतःशीही कबूल करायची नाही. तोही दर बुधवारी दाढी करतो, हे तिला आत्याने सांगितलं, तेही तो शेजारी बसलेला असताना. तो उठून उगाच वेताची जुडी भिजवायला निघून गेला, आणि ती जुडी सकाळपासूनच भिजत पडलेली होती.

---

सहाव्या बुधवारी ती पळतच आली. दफ्तरखान्यात एक वही सापडली होती. निवाऱ्याची व्यवस्था युद्धात एका शाळामास्तरांकडे होती, आणि कोण आलं, काय घडलं, हे ते रोज लिहून ठेवत. तिने वहीची नक्कल करून आणली होती. झरोक्यातून उजेडाची एकच पट्टी खाली पडत होती, त्यामुळे वाचायला दोघांना त्याच पट्टीत बसावं लागलं. ती तपकिरी खुर्चीवर, तो खाली, तिच्या गुडघ्याशी.

"'आज कोपऱ्यातल्या जागेवरून पुन्हा भांडण,'" ती वाचत होती. "'वर बॉम्ब पडताहेत आणि इथे जागेवरून वाद. उद्या सगळ्या खुर्च्यांना आकडे घालणार. पांढऱ्या रंगाने, बैठकीखालच्या पट्टीवर आतल्या बाजूने. ज्याचा आकडा त्याची खुर्ची.'"

"आकडे," तो म्हणाला.

"आकडे," ती म्हणाली. आता अंदाजाचं काही उरलंच नव्हतं. ज्या खुर्चीला आकडा नाही, ती निवाऱ्याची नाही, आणि हे कोणत्याही वकिलासमोर सांगता येणार होतं. आनंदाच्या भरात तिने त्याचा खांदा धरला. मग आपण काय धरलंय हे तिच्या लक्षात आलं. सोडायचा तर लगेच सोडायला हवा होता, आणि लगेच तर कधीच होऊन गेलं होतं.

पुढे मास्तरांनी एक ओळ लिहिली होती. सात नंबरची खुर्ची टोकाच्या घरातल्या शिंपीणबाईंची. त्यांचे दिवस भरत आलेत, त्यांना टेकायला पाठ हवी, ती खुर्ची कुणी मागू नये. आणि आठ दिवसांनंतरची नोंद: 'आज सातव्या खुर्चीपाशी मुलगी झाली. दोघी सुखरूप. वर काय चाललंय ते तासभर कुणाला ऐकूच आलं नाही.'

त्या तळघरात पहिल्यांदाच तिला यादी, कलम, क्रमांक यांच्यापलीकडचं काही दिसलं: भिंतीला टेकलेली माणसं, आणि त्यांच्यात मध्येच एक रडणारं बाळ. हे बुजवू द्यायचं नाही, असं तिला आतून वाटलं. नोकरी म्हणून नव्हे.

"हे बुजवू द्यायचं नाही," तोच म्हणाला.

त्या दिवशीही रकान्यात तिने 'नाही' लिहिलं. खांदा धरून झाल्यावर लिहिलेलं ते सहावं 'नाही' तिला काही बरं वाटलं नाही. पेन उचलताना ते अक्षर जरा फाटलं.

सातवी गेली, आठवी गेली. कुठल्याच खुर्चीला आकडा नव्हता. गल्लीत पिवळ्या रंगाच्या रेघा मारून झाल्या होत्या, कुठून कुठे खणायचं ते दाखवायला. पालिकेच्या वकिलांनी तिच्या सगळ्या अहवालांच्या नकला मागवल्याचंही कळलं. आत्या त्या दिवशी चहात साखर घालायची विसरली, आणि ते दोघांच्याही लक्षात आलं नाही. आत्याच्या मात्र ते लक्षात आलं.

---

नववी राहिली ती तपकिरी खुर्ची. आठ बुधवार ती जिच्यावर बसून लिहीत होती, तीच.

"ही कुणाची?" तिने विचारलं.

"आमचीच. म्हणून शेवटी ठेवली. तुम्हाला बसायला हवी होती ना."

त्याने खुर्ची उलटी केली. खाली तपकिरी रंगाचे थरावर थर. काही नाही. ती कागद काढू लागली. पण तो वाकूनच राहिला, मग खिशातला टॉर्च काढून त्याने लाकडाला अगदी आडवा टेकवला. जुन्या रंगाखाली आणखी जुना रंग असला, की आडव्या उजेडात त्याची कड उठून दिसते, हे त्याला वडिलांनी शिकवलं होतं.

"इकडे या," तो म्हणाला.

पट्टीच्या आतल्या बाजूला, तपकिरी रंगाखालून, एक आकडा फुगून वर आला होता. सात.

आत्याला वरून खाली बोलावलं. तीही आठवून आठवून म्हणाली, की हो, ही तर आधीपासूनच खाली होती, भावाने कारखाना घेतला तेव्हा सापडली होती, रंग त्यानेच दिला. आपण म्हटलं होतं ना तेव्हा, सगळं जुनंच आहे म्हणून.

हे ऐकून तिला हसावं की रडावं ते कळेना. नऊ खुर्च्यांत एक खरी निघाली होती, आणि तीही सात नंबरची, शिंपीणबाईंची. मग तो हळूच म्हणाला, "नोटीसबाई... कलम अकरा."

"काय?"

"'संरक्षित वस्तूवर बसणे, चढणे वा टेकणे.' आठ बुधवार. मी साक्षीदार आहे."

तिने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं आणि हसत हसत खाली फरशीवर बसली. तोही समोर बसला. हसणं ओसरलं तरी दोघं तसेच बसून राहिले, मधे ती उलटी खुर्ची. त्याचा चेहरा हळूहळू गंभीर झाला.

"मला तुम्हाला एक... कधीपासून—"

"नका," ती एकदम म्हणाली. "आज नका सांगू. मला अजून रकाना भरायचाय."

त्याने तिच्या फळीवरचा कागद उलट्या बाजूने वाचला. ती कला त्याला पहिल्या दिवसापासूनच अवगत होती. वाचून झाल्यावर त्याचे कान लाल झाले.

"मंगळवारपर्यंत थांबू शकाल?" तिने विचारलं.

"मी वेत विणतो," तो म्हणाला. "थांबण्याची सवय आहे."

रकाना मात्र तिला भरता येईना. 'नाही' लिहायचं, तर खोटं, आणि खोटं लिहायला तिचा हात उठत नव्हता. 'आहे' लिहायचं, तर कोणत्या आधारावर? अजून कुणी कुणाला काही बोललेलंच नव्हतं. शिवाय ते लिहिलं, की वकील म्हणणार, बाई मालकावर भाळल्या आणि म्हणून त्यांना खुर्चीवर आकडा दिसला. निवारा जाणार, खुर्ची जाणार, मास्तरांची वहीसुद्धा जाणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने तो अर्धा अहवाल साहेबांपुढे ठेवला. सगळं सांगितलं, कलम अकरासकट. साहेबांनी चष्मा पुसला, घातला, काढला, पुन्हा पुसला.

"खुर्ची दुसऱ्या कुणाकडून तपासून घे," ते म्हणाले. "संग्रहालयातल्या तज्ज्ञाला मी पाठवतो. आणि रकान्यात खोटं लिहू नकोस. पण नसलेलंही लिहू नकोस."

तिने बराच वेळ विचार केला आणि दोन शब्द लिहिले.

---

सुनावणीच्या दालनात एवढी गर्दी कुणालाच अपेक्षित नव्हती. दातांचे डॉक्टर आले होते, बुद्धिबळ मंडळ आलं होतं, नट तर पहिल्या रांगेत. समोर सुनावणी अधिकारी बसल्या होत्या, पिकल्या केसांच्या, चेहऱ्यावरची रेघ न हलवणाऱ्या बाई.

वकिलांनी आठ चुकांची यादी वाचायला तोंड उघडायच्या आत ती स्वतःच उभी राहिली. पाहणीच्या दिवशी आपण गिऱ्हाइकांच्या आठ खुर्च्या युद्धातल्या समजून यादीत घातल्या, ही चूक आपली एकटीची, आणि त्या कायद्याप्रमाणे आठवड्याला एक अशा गाळल्या आहेत, हे तिने सांगितलं. नववी खरी आहे. मास्तरांची वही, आकडा आणि तज्ज्ञाचा दाखला तिने पुढे ठेवला. शेवटी, आपण त्या खुर्चीवर आठ वेळा बसलो, त्याबद्दल कलम अकराखाली जी ताकीद द्यायची ती द्यावी, असंही म्हणाली. वकिलांच्या हातातला कागद तसाच राहिला. तोंडात मारल्यासारखे ते उभे होते.

पण वकील ते वकील. त्यांनी अहवाल उलटले आणि शेवटच्या पानावर बोट ठेवलं.

"मालकाशी जवळीक आहे का, या रकान्यात आठ वेळा 'नाही' आहे. नवव्या वेळी मात्र 'आजपर्यंत नाही.' या 'आजपर्यंत'चा अर्थ बाईंनी सांगावा."

तिने मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं, तर बोलता आलं नसतं.

"अर्थ असा," ती म्हणाली, "की लिहिलं तेव्हा मी त्यांना काही सांगितलं नव्हतं आणि त्यांना काही सांगू दिलं नव्हतं. माझ्या मनात काय आहे ते मला माहीत होतं. म्हणूनच खुर्ची दुसऱ्यांकडून तपासून घेतली. यापुढचं... 'नाही' असं मला लिहिता आलं नसतं."

मागे कुणीतरी नाक ओढलं. ती आत्या होती.

सुनावणी अधिकारी बाईंनी पेन खाली ठेवलं. मालकाला यावर काही म्हणायचं आहे का, असं त्यांनी विचारलं. तो उभा राहिला. अंगात कामाचाच जाड सदरा होता, आणि छातीवर खळीचा एक चौकोनी डाग, दहा आठवडे धुऊनही न गेलेला.

"माझ्याकडून पहिल्या दिवसापासून आहे," तो म्हणाला. "पण तो रकाना मालकाला भरायला देत नाहीत. आणि बाई, नोटीस आधी दाराला नाही, मला लागली होती. ती अजून कुणी मागे घेतलेली नाही."

आधी नट हसला, मग सगळं दालन. अधिकारी बाईंनी शांतता राखायला सांगितलं, पण जरा उशिराच सांगितलं. मग त्यांनी निकाल वाचला. निरीक्षकाने स्वतःची प्रत्येक चूक लेखी कबूल केली आहे, त्यामुळे तिने न कबूल केलेली चूक शोधत बसण्याचं कारण दिसत नाही. खुर्ची क्रमांक सात खरी. निवारा खरा. संरक्षण कायम. बसण्याबद्दल निरीक्षकाला ताकीद. आणि जवळीक जाहीर झाली असल्यामुळे यापुढे या जागेची पाहणी दुसऱ्या निरीक्षकाने करावी.

टाळ्यांत ते शेवटचं वाक्य बुडून गेलं. तिने मात्र ते ऐकलं, आणि एवढ्या आनंदातही मनात हिशेब केला. म्हणजे आता बुधवार नाहीत.

---

दुसऱ्या दिवशी बुधवार होता. तीन वाजता ती गल्लीत आली तेव्हा तिच्या हातात फळी नव्हती, पिशवी नव्हती, शिक्का नव्हता. हात कुठे ठेवायचे हेच तिला कळत नव्हतं. पिवळ्या रेघा कुणीतरी पुसून टाकल्या होत्या. निवाऱ्याच्या दाराला नवी नोटीस नीट, सरळ लागलेली होती.

ती त्या दाराशी थांबली, आणि मग लक्षात आलं, की आपण आता तिकडे जायचंच नाही. ती शेजारच्या दाराने आत गेली, कारखान्यात. दहा आठवड्यांत इथे ती एकदाही आली नव्हती. सगळीकडे भिजलेल्या वेताचा वास होता, खिडकीशी ऊन होतं. आत्याने तिला बघितलं आणि दुकानातून काहीतरी आणायचं राहिलंय म्हणत चपला घातल्या. काय आणायचं ते तिला सांगता येईना, पण निघाली मात्र झपाट्याने.

तो खिडकीशी उभा होता. त्याच्यासमोर एक खुर्ची होती, नवीकोरी, फिक्या रंगाची, बैठकीचा वेत अजून ओलसर.

"कुणाची?" तिने सवयीने विचारलं.

"यादीत नाही ही," तो म्हणाला. "पहिल्या बुधवारी सुरू केली. रोज थोडी. पाठ जरा मागे झुकवली आहे, म्हणजे... उठावंसं वाटू नये म्हणून."

तिने बैठकीवरून हात फिरवला. विणकाम इतकं बारीक होतं, की बोटांना गाठ लागत नव्हती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते तिने लपवलं नाही.

"तुम्हाला मंगळवारपर्यंत थांबायला सांगितलं होतं मी," ती म्हणाली. "तो काल झाला."

"हो. आणि मी जे सांगणार होतो, ते काल सगळ्या गावासमोर सांगून बसलो. आता वेगळं काय सांगू?"

"तेच सांग. मला एकटीला."

तिच्या तोंडून पहिल्यांदाच 'तुम्ही' गळून पडलं होतं. ते दोघांनीही ऐकलं. त्याने खुर्ची थोडी वळवली, खिडकीकडे तोंड करून, आणि तिचा हात धरला.

"तू मला आवडतेस," तो म्हणाला. "बुधवारी जास्त, पण बाकीच्या दिवशीही. आता बस."

ती बसली. सवयीप्रमाणे आधी कडेला टेकली, उठायच्या तयारीत. मग ते तिच्या लक्षात आलं, आणि ती मागे सरकली, पाठ अगदी शेवटपर्यंत टेकेपर्यंत. तिला कुठेही जायचं नव्हतं.